हिटलरची सावली आणि आजचा जर्मन माणूस

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रबाळे हे एके काळी भातशेतीचे व खाडीचे गाव; आगरी आणि कोळी लोकांची वस्ती. आज तेथे औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत. त्याच रस्त्याने ठाण्याकडे निघाले की ऐरोली-कळव्याच्या बाजूस सीमेन्स या जर्मन कंपनीचा मोठा कारखाना लागतो. अशा भागात यंत्रे उभारून देण्यासाठी, बिघडलेली तपासण्यासाठी जर्मनीहून अभियंते येत-जात असतात. काम आटोपले की चहा येतो, गप्पा निघतात, आणि यजमानांपैकी कोणी तरी अत्यंत सद्भावनेने पाहुण्यास सांगतो की, तुमचा हिटलर मोठा शिस्तीचा पुरुष होता, आमच्या देशाला तसाच एक हवा. पाहुणा खाली पाहतो. यजमानास वाटते, गडी लाजाळू दिसतो.

ज्यांनी जर्मन माणसांबरोबर काम केले आहे, त्यांना हा प्रसंग अपरिचित नाही. गंमत अशी की, हाच अभियंता पोलंडमध्ये किंवा हॉलंडमध्ये गेला, तर तेथे कधी एखादा म्हातारा त्याचे उच्चार ऐकून तोंड फिरवतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या सामन्यात त्याला युद्धावरून टोमणे ऐकावे लागतात. तिकडे निंदा, इकडे स्तुती. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत. वस्तुतः दोहोंतील चूक एकच. समोर बसलेल्या, १९९०च्या दशकात जन्मलेल्या माणसाकडे कोणीच पाहत नाही. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या, १९४५ साली मेलेल्या एका माणसाकडे सगळे पाहतात.

असे का व्हावे, याचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, मराठी माणसाच्या मनात जर्मनीचे चित्र पूर्वी निराळे होते. जुन्या घरांतून अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणत, ती गोष्ट सोडून द्या. पण सुशिक्षितांच्या लेखी जर्मनी म्हणजे संस्कृत विद्येचे माहेरघर होते. ऋग्वेदाची संहिता सायणभाष्यासह छापणारे मॅक्स म्युल्लर जर्मन होते, आणि लोकमान्य टिळकांना १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या लवकर सुटकेसाठी इंग्लंडमध्ये खटपट करणाऱ्यांत त्यांचे नाव होते. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे मानववंशशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठतेच्या ज्या मतांना पुढे नाझी राजवटीने डोक्यावर घेतले, त्यांचा हा पुरस्कर्ता. कवट्यांच्या मोजमापावरून गोऱ्या वंशाचे वेगळेपण सिद्ध व्हावे अशी त्याची अपेक्षा. कर्वेबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापातून वंशाचा तसा कोणताही संबंध निघत नाही, असे आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या परीक्षकासमोर! महाराष्ट्राने या गोष्टीचा जितका अभिमान धरायला हवा होता तितका धरलेला नाही. पण येथे मुद्दा इतकाच की, त्या काळच्या बर्लिनमध्येही 'जर्मन' या एका शब्दात कितीतरी प्रकारची माणसे मावत होती.

तो शब्द एकरंगी केला तो युद्धाने. १९३९च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच हिंदुस्थान सरकारने येथील जर्मन पुरुषांस शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ताब्यात घेतले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये तेव्हा जर्मनांचा एक जथाच काम करीत होता. 'अछूत कन्या' हा १९३६चा बोलपट दिग्दर्शित करणारे फ्रान्झ ऑस्टेन त्यांतले. अस्पृश्यतेच्या अन्यायावर बोलपट काढणारा हा गृहस्थ त्याच साली नाझी पक्षाचा सभासद झाला होता. मनुष्यस्वभाव असा असतो. त्यांचे छायाचित्रकार योझेफ विर्शिंग यांसही स्थानबद्ध केले. युद्धानंतर ऑस्टेन जर्मनीतच राहिले. विर्शिंग मात्र मुंबईतच राहिले, 'महल'चे छायाचित्रण केले, 'पाकीजा'वर काम केले आणि १९६७ साली याच शहरात वारले.

याच कायद्याच्या जाळ्यात हिटलरच्या छळामुळे पळून आलेले ज्यूही सापडले. ज्या राजवटीने त्यांचे नागरिकत्व, घर, पेढी हिरावून घेतली, तिचेच हस्तक म्हणून त्यांना कुंपणाआड जावे लागले! चौकशीनंतर त्यांतील पुष्कळांची सुटका झाली. काहींना पुरंदरच्या किल्ल्यावर ठेवण्यात आले. नंतर तिबेटवरील पुस्तकाने जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, आणि देवळालीच्या छावण्यांतून देहरादूनला गेला व १९४४ साली तेथून निसटला. तो हिटलरच्या एसएस संघटनेत होता, हे जगाला १९९७ साली कळले. त्याच देहरादूनला अनागारिक गोविंद हे जर्मनीत जन्मलेले बौद्ध साधकही बंदिवान होते. एकाच तारेच्या आत छळणाऱ्यांचा सोबती, बुद्धाचा उपासक आणि इतर किती तरी. बाहेरच्या फलकावर शब्द एकच.

श्रोतेहो, आकाशवाणीचे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जी सूरावट पिढ्यान्‌पिढ्या सकाळी घराघरांत ऐकू आली, ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. बोहेमियातील कार्ल्सबादचे हे जर्मनभाषक ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईस आले आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. रुडॉल्फ फॉन लायडन हे बर्लिनचे. ते १९३३ साली आले. मुंबईच्या तरुण चित्रकारांना, आरा, हुसेन, रझा यांना, ज्यांनी आरंभी ओळखले व लेखणीने उचलून धरले, त्या मोजक्या रसिकांत ते होते. हिटलरने हाकललेल्या माणसांनी मुंबईला काय दिले, याची ही दोन उदाहरणे. हिटलरची थोरवी गाणाऱ्या यजमानास ही नावे बहुधा माहीत नसतात.

मग ती थोरवी आली कोठून? इंग्रज आमचा शत्रू, हिटलर इंग्रजांचा शत्रू, तेव्हा हिटलर आमचा मित्र, हा तिचा पहिला पाया. गुलामीत असलेल्या लोकांनी १९४० साली असा हिशेब केला, तर त्याचे नवल नाही. पण हिशेब तेव्हाही चुकीचाच होता. 'माइन काम्फ'मध्ये हिटलरने हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची धडपड करणाऱ्यांची टवाळी केली आहे आणि हा देश इतर कोणाच्याही सत्तेपेक्षा इंग्रजांच्या हाती राहिलेला बरा, असे स्वच्छ म्हटले आहे. ते पुस्तक मुंबईच्या पदपथांवर व रेल्वे स्थानकांवर गेली कित्येक वर्षे खपते आहे. घेणारे ते वाचतात की कपाटात ठेवतात, हा प्रश्न पडतो. सुभाषबाबूंना ही अडचण पुरती ठाऊक होती. १९३६ साली युरोप सोडताना हिंदी लोकांविषयीच्या हिटलरच्या अपमानकारक भाषणाचा त्यांनी लेखी निषेध केला होता. १९४२च्या मे महिन्यात ते हिटलरला भेटले, तेव्हाही त्यांनी हा विषय काढला; हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची घोषणा त्यांना तेथून मिळाली नाही ती नाहीच.

दुसरा पाया भाषेचा. मराठीत 'हिटलर' हे आता विशेषनाम उरलेले नाही. शाळेतील कडक मास्तर हिटलर, घरातील करारी आत्या हिटलर. २०११ साली दूरचित्रवाणीवर 'हिटलर दीदी' नावाची हिंदी मालिका आली, ती घरोघर पाहिली गेली, आणि त्या नावात कोणाला काही खटकले नाही. नावातून इतिहास गळून गेला आणि छडी तेवढी शिल्लक राहिली.

याचा कळस २००६ च्या ऑगस्टात झाला, आणि तोही रबाळ्यापासून फार दूर नव्हे. नवी मुंबईतील खारघर येथे एक नवे उपाहारगृह उघडले. त्याच्या नावात हिटलर होता आणि सजावटीत त्याचे चित्र व नाझींचे चिन्ह. मालकाचा हेतू लोकांचे लक्ष वेधण्याचा, इतकाच होता. पण भारतातील ज्यू समाजाने हरकत घेतली, जगभर बातमी पसरली, आणि मालकाने त्या समाजाच्या प्रतिनिधींशी बोलून थोड्याच दिवसांत नाव बदलले. २०१२ साली अहमदाबादेत एका कापडाच्या दुकानावरून तोच प्रकार झाला.

खारघरच्या प्रकरणात हरकत घेणारे ज्यू कोणी परके नव्हते, हे पुष्कळांच्या लक्षात आले नाही. बेने इस्रायल हे कोकणातले, मराठी मातृभाषा असलेले लोक. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनिवार तेली म्हणत. रबाळ्याहून लोकलने ठाण्यास उतरावे, तर तेथे त्यांचे १८७९ साली बांधलेले शआर हशमायिम हे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. ज्या माणसाची 'शिस्त' चहाच्या पेल्यावर वाखाणली जाते, त्याने सुमारे ६० लाख ज्यू मारविले. त्याचे राज्य येथवर पोहोचले असते, तर शनिवार तेल्यांचे काय झाले असते, हे सांगण्यास कल्पनाशक्ती लागत नाही.

आता जर्मनांकडे वळावे. त्यांच्याविषयीचा ठसा पुसला जात नाही, त्याला एक कारण ते स्वतःच आहेत, आणि ते त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. युद्धानंतरची पहिली दहा-पंधरा वर्षे तिकडेही मौनाची गेली. न्युरेंबर्गचा खटला जेत्यांनी चालविला होता, आणि जुने अधिकारी नव्या खुर्च्यांवर पुन्हा बसले होते. १९६३ साली फ्रँकफुर्टला ऑशविट्झच्या पहारेकऱ्यांवर जर्मन न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा मुलांनी बापांना विचारायला सुरुवात केली. १९७० च्या डिसेंबरात पंतप्रधान विली ब्रांट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. हा गृहस्थ स्वतः नाझींच्या भयाने देश सोडून नॉर्वेत राहिलेला. २००५ साली बर्लिनच्या मध्यभागी २,७११ शिळांचे स्मारक उभारले. २००० साली सरकार व उद्योगांनी मिळून एक निधी काढला आणि त्यातून युद्धकाळात सक्तीने राबविलेल्या १६ लाखांहून अधिक माणसांना पैसे दिले. ऐरोलीजवळ जिचा कारखाना आहे त्या सीमेन्स कंपनीनेही त्या काळी अशी सक्तीची मजुरी वापरली होती. रावेन्सब्रुक येथील स्त्रियांच्या छावणीशेजारी तिच्या कामाच्या शेडा होत्या.

आपला अपराध जो समाज राजधानीच्या चौकात दगडात कोरून ठेवतो, त्याचा अपराध जग विसरणार कसा? झाकून ठेवणारी राष्ट्रे या बाबतीत सुखी असतात. इंग्रजाला पाहून कोणी बंगालचा १९४३ चा दुष्काळ काढीत नाही. जर्मनांनी ही किंमत जाणून दिली आहे, आणि त्यांच्यातील विचारी लोकांचा आक्षेप स्मरणाला नाहीच. कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने १९४६ सालीच दोष आणि उत्तरदायित्व यांची फोड करून ठेवली: गुन्हा करणाऱ्याचा असतो, तो पोराबाळांच्या अंगाला लागत नाही, पण जे घडले त्याची जबाबदारी राष्ट्राला वाहावी लागते. जगाने हे दुसरे वाक्य घेतले, पहिले टाकले. रबाळ्याच्या यजमानाने दोन्ही टाकली.

अर्थात सगळेच जर्मन हे ओझे खुशीने वाहतात असे नाही. २०१७ साली त्यांच्या संसदेत शिरलेल्या एका उजव्या पक्षाच्या नेत्याने पुढच्याच वर्षी नाझींची बारा वर्षे ही जर्मनीच्या दीर्घ इतिहासातील क्षुल्लक बाब ठरविली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत त्या पक्षाला पाचांत एकाहून किंचित अधिक मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. अशी बातमी आली की जुना ठसा पुन्हा ताजा होतो, आणि ज्या चार जर्मनांनी त्या पक्षाला मत दिले नाही, त्यांनाही पाचव्याबरोबर उत्तर द्यावे लागते.

हा अनुभव जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना उलट्या बाजूने येऊ शकतो. गृहप्रवेशाच्या दिवशी दारावर कुंकवाने स्वस्तिक काढले, तर समोरच्या घरातील म्हातारी दचकते. त्या देशात नाझींचे चिन्ह मिरविणे हा गुन्हा आहे. स्वस्तिक हे हजारो वर्षांचे मंगलचिन्ह, त्या बारा वर्षांशी त्याचा काही संबंध नाही, हे या कुटुंबाला समजावून सांगावे लागते. आणि सांगितले की पुष्कळदा ते समजून घेतले जाते. आपल्या दाराकडे पाहून कोणी आपल्याला नाझी समजू नये, असे ज्यांना वाटते, त्यांना जर्मन पाहुण्याची खाली गेलेली मान कळायला हरकत नसावी.

रबाळ्याच्या यजमानाला चहाबरोबर काढायला दुसरा विषयही आहे. गुंटर डेमनिश या कलावंताने १९९२ पासून कोलोन शहरात एक काम आरंभले. नाझींनी ज्या माणसाला नेले, त्याच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, पदपथाच्या फरसबंदीत, चार बोटे रुंद पितळेची चकचकीत पट्टी बसवायची. तीवर नाव, जन्मसाल, केव्हा नेले आणि कोठे मारले. असे एक लाखाहून अधिक दगड आता युरोपभर बसले आहेत, आणि कित्येक ठिकाणी शेजारी व शाळेतील मुले गुडघे टेकून ते घासूनपुसून लखलखीत ठेवतात. पाहुण्याला विचारावे की, तुमच्या गल्लीत असा दगड आहे का, आणि त्यावर कोणाचे नाव आहे. तो बहुधा पेला खाली ठेवील आणि नाव सांगेल.