हत्ती देऊन एक घर



नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, आणि मी जुने डाव पुन्हा पटावर मांडले. त्यातला एक सांगते. झुरिक, १९५३. रेशेव्हस्कीच्या मधल्या दोन प्याद्यांनी पेट्रोशियनची कोंडी केलेली. २५व्या चालीला त्याने ई-७ वरचा हत्ती ई-६ वर, थेट उंटाच्या तोंडी ठेवला! ५ देऊन ३ घ्यायचे. शह नाही, हल्ला नाही. पण ई-७ मोकळे झाले. तिथून घोडा डी-५ वर जाऊन बसला आणि ती प्यादी जागीच अडली. डाव बरोबरीत सुटला.

आम्ही संगणकवाले सगळ्याला आकडा लावतो. डी-५ ला किती लावायचा?

शाळेच्या बुद्धिबळ वर्गासाठी हा डाव लिहून आणलाय. सर, २४व्या चालीनंतर कागद झाका आणि मुलांना चाल विचारा.