पाण्याची धार आणि आपला काळा पाषाण
(देवळा येथील समाजमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाण्याने दगड फुटतो, हे ऐकून आपल्या वडार समाजातील वृद्ध मंडळी हसणार नाहीत. भोकात सुकी लाकडी पाचर ठोकून ती भिजविली की फुगते व खडक तडकतो, ही रीत जुनीच आहे. आज आम्ही सांगणार आहोत ती तिची धाकटी बहीण. मात्र स्वभावाने फारच उग्र.

दगड दाब पुष्कळ सोसतो, पण ताण सोसत नाही, हे सुतकी धरणाऱ्या प्रत्येक हातास ठाऊक आहे. जोराची धार दगडाच्या कणांमधील बारीक फटींत शिरते आणि त्यांस आतून उकलते. १९८४ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात, रोला येथील विद्यापीठाने इंग्लंडातील प्राचीन स्टोनहेंजची अर्ध्या मापाची प्रतिकृती उभारली. तिचे सुमारे १६० टन ग्रॅनाइट पाण्याच्या धारेने कापले होते. दाब दर चौरस इंचास १५,००० पौंड, आणि दर फेरीस चीर पडे ती पाव ते अर्धा इंच.

धोडपच्या डोंगरापासून लोहोणेरच्या गिरणाकाठापर्यंत आपल्या पायांखाली आहे तो मात्र काळा पाषाण. ज्वालामुखीच्या रसाचा, बारीक व घट्ट कणांचा. त्यात पाण्यास शिरावयास फटी थोड्या. तेथे धारेत गार्नेटची वाळू मिसळावी लागते; जवाहीर ज्यास तामडा म्हणतात, त्याच जातीची. दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारे ४,००० किलोग्रॅम, आणि हिऱ्याच्या अथवा नीलमण्याच्या केसाएवढ्या छिद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग आवाजाच्या दुपटीहून अधिक. पाणी किती लागते, असे अवर्षणाच्या या मुलखात कोणीही विचारील. मिनिटास चार-पाच लिटर. तेही गाळून बरेचसे परत मिळविता येते.

विहिरीच्या कामास हे यंत्र येईल काय? आमचे मत स्पष्ट आहे: नाही. तेथे खर्च परवडणार नाही. सुरुंग व ब्रेकर यांचेच राज्य राहील. परंतु फरशी, जाळी, कोरीव अक्षरे, देवळाच्या दगडाची नक्षी यांत ते आताच शिरले आहे. सुरुंग आला, कॉम्प्रेसर आला; पुष्कळ ठिकाणी मालक दुसरे झाले आणि दगडाची नस ओळखणारे आपण रोजंदारीवर राहिलो. या वेळी आपल्या दहावी-बारावी झालेल्या मुलांनी संगणकावर नकाशा काढण्यास शिकावे. कोणता दगड कोठे दगा देईल, हे त्यांस घरीच शिकावयास मिळते. ते कोणत्याही शाळेत मिळत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कानी घालावी. ही धार हाताला लागली तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण पाणी व वाळू आत खोलवर गेलेली असते. पट्टी बांधून घरी बसू नये. त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि कशाने लागले ते डॉक्टरांस सांगावे.

आणि यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी साधे पाणी आहेच. आपली पुष्कळ मुले नाशिक-मुंबईस स्वयंपाकाच्या ओट्यांचे ग्रॅनाइट कोरड्या चक्रीने कापतात. त्या धुळीतील गारेचे कण फुप्फुसांत बसतात आणि सिलिकोसिस जडतो; तो बरा होत नाही. चक्रीवर पाण्याची नळी सोडली तर धूळ पुष्कळशी जागीच बसते. तोंडाला केवळ रुमाल बांधून भागत नाही. ठेकेदार चिखल होतो म्हणून कुरकुर करील. त्यास तो करू द्यावा, आणि नळी आपण घरून न्यावी.