दर्याचे गाणे आणि गाण्याचा वाटा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगार आणि बोनस यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही एका गाण्याविषयी बोलणार आहोत. बोलता बोलता पगाराचा विषय निघालाच, तर त्याला आमचा इलाज नाही.

हेमंतकुमार मुखर्जी यांचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. गृहस्थ बंगाली. 'नागिन' (१९५४) या चित्रपटाचे संगीत त्यांचे. इप्टा या लोकनाट्य संघटनेशी त्यांची जवळीक होती. मराठीत ते फार गायले नाहीत. पण जे गायले त्यांत 'मी डोलकर' हे कोळीगीत आहे. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, आणि जोडीला लताबाईंचा आवाज. आता जरा हजेरी घेऊन पाहा. कवयित्री पुणे जिल्ह्यातल्या, संगीतकार नाटकमंडळीच्या घराण्यातले, गायक बंगालचे. यांतल्या कोणाच्याही हाताला वल्ह्याचा घट्टा नाही. तरीसुद्धा आज पेणच्या अंतोऱ्यापासून कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंड्यापर्यंत हळदीच्या रात्री ते वाजते, शाळेच्या संमेलनात पोरे कोळ्यांची टोपी घालून त्यावर नाचतात, आणि कोणालाही विचारा, तो सांगतो, "आमचे बापजाद्यांचे गाणे!"

हे कसे झाले?

काहींचे म्हणणे असे, की ही तबकडी फार गोड आहे. खरा दर्या असा नसतो. वल्हे मारताना तांडेल ओरडतो, खलाशी ओरडून साथ देतात, वाऱ्यावर आवाज चढवावाच लागतो. हेमंतकुमारांच्या गळ्यात तर ओरड औषधालाही नाही. खर्जातला, अंगावर घोंगडी घ्यावी तसा आवाज. हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे, आणि तो करणारी माणसे बहुधा होडीत बसलेली नसतात. डोलकर म्हणजे डोल लावणारा. डोल हे पिशवीसारखे जाळे. ते प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवायचे. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा, कोळंबी आपोआप आत येते. ओढ थांबेपर्यंत माणसाला होडीत बसून राहावे लागते. अर्धे काम अंगमेहनतीचे आणि अर्धे वाट पाहण्याचे. ओरड पहिल्या अर्ध्याची आहे. हेमंतकुमारांच्या आवाजात दुसरा अर्धा आला, असे आमचे मत आहे. खाली सहा मात्रांचा हेलकावा चालूच असतो. आयर्लंडच्या 'जिग' नावाच्या नाचालाही अशीच सहाची चाल असते.

पेणकरांना आम्ही गणपतीचे उदाहरण देऊ. अंग साच्यातून निघते, साचा सर्वांचा. पण डोळ्यांची आखणी ज्याच्या हातची, मूर्ती त्याची, असे कारखान्यात म्हणतात. 'मी डोलकर'चा साचा कोळीवाड्याचा आहे. आखणी शांताबाईंची आणि हृदयनाथांची. आखणी उत्तम झाली, याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार साच्याच्या हिशेबाची आहे.

इंग्लंडात युअन मॅकॉल नावाचा गायक होऊन गेला. आईबाप स्कॉटलंडचे, बाप ओतशाळेतला कामगार आणि संघटनेचा कार्यकर्ता. १९६० साली मॅकॉल, पेगी सीगर आणि चार्ल्स पार्कर यांनी बी.बी.सी.साठी 'सिंगिंग द फिशिंग' हा कार्यक्रम केला. त्यांनी मच्छीमारांचे बोलणे ध्वनिफितीवर घेतले आणि त्यांच्याच बोलण्यातून गाणी रचली. सॅम लार्नर हा ऐंशी ओलांडलेला हेरिंग पकडणारा म्हातारा त्यात स्वतः बोलतो, आपल्या नावानिशी बोलतो. त्यातले एक गाणे पुढे आयर्लंडमध्ये जुने लोकगीत म्हणून गायले जाऊ लागले. म्हणजे आपल्या डोलकराचीच कथा. फरक एवढाच, की तिथे ज्याचे शब्द त्याचे नाव कागदावर राहिले.

आपल्याकडे तबकडीवर 'पारंपरिक' असा शब्द छापतात. फार सोयीचा शब्द! परंपरेला मनिऑर्डर पाठवावी लागत नाही.

पार्श्वगायकांनासुद्धा हे भोगावे लागले. १९६० नंतर लताबाईंनी गायकाला तबकडीच्या विक्रीवर रॉयल्टी हवी, असे म्हटले. रफीसाहेबांचे मत पडले, की एकदा गायनाचे पैसे घेतले, पुढे हक्क नाही. त्यावरून ही दोन मोठी माणसे काही वर्षे एकत्र गायली नाहीत. रफीसाहेबांच्या सज्जनपणाबद्दल शंका नको. पण मागणी लताबाईंचीच रास्त होती. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा सुधारला, तेव्हा गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या रॉयल्टीला आधार मिळाला. मात्र ज्या गाण्याला कर्ता नाही, त्याला या कायद्यातही वाटा नाही.

आणि वाट्याची गोष्ट कोळ्याला शिकवावी लागते काय? मासळी किनाऱ्याला आली, की होडीचा वाटा निघतो, जाळ्याचा निघतो, मग माणसांचे. लाकडाला वाटा, सुताला वाटा! आपल्याच जिल्ह्यात, त्याचे नाव कुलाबा होते तेव्हा, चरीच्या कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमीन पडीक ठेवली. तो संपही पिकाच्या वाट्यासाठीच होता.

पुढे कॅसेटच्या काळात 'वेसावकर आणि मंडळी' यांनी कोळीवाड्याची गाणी स्वतःच्या नावाने बाजारात आणली, तेव्हा आम्हांला फार बरे वाटले. पण पेण-रोह्याच्या खारपट्टीतली आगरी धवलारीण अजून तशीच आहे. लग्न लागायचे तर आधी तिचे धवले हवेत. तिला शेकडो ओळी पाठ. मंडपात कोणीतरी मोबाइल तिच्या तोंडापुढे धरतो, आठ दिवसांत तीच चाल ढोल-ताशाच्या ठेक्यावर गाडीतून ऐकू येते, आणि बाई सकाळी मिठागरावर कामाला गेलेली असते.

म्हणून चालकांना आमची एक सूचना आहे. पुढील वर्षी या मालेतली एक संध्याकाळ दोन्ही तालुक्यांतल्या धवलारणींना द्यावी. गाणे ध्वनिमुद्रित करताना गाणारीचे नाव, गाव आणि ते तिने कोणापासून घेतले, हे तिच्याच तोंडून आधी घ्यावे. मुद्रणाची एक प्रत तिच्या घरी पोहोचवावी. वक्त्यांना जे मानधन देता तेवढेच तिला द्यावे, आणि ते पाकीट गाण्यापूर्वी तिच्या हाती ठेवावे.