बऱ्हाणपूरच्या कुंड्या आणि अ‍ॅपचे प्रकाशन

तापीकाठच्या बऱ्हाणपूर शहरास सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी मिळावे म्हणून इ. स. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुल रहीम याच्या अमदानीत, जमिनीच्या पोटातून एक कालवा खणण्यात आला. इराणी भूगर्भवेत्ता तबकुतुल अर्ज याने त्याची आखणी केली असे सांगतात. डोंगरातून झिरपणारे पाणी केवळ उताराच्या बळावर एका कुंडीतून दुसरीकडे जाते. तेथे ना मोट, ना रहाट. सुमारे शंभर कुंड्यांच्या या रचनेस लोक कुंडी भंडारा म्हणतात. पाणी आपोआप वाहते हे खरे. पण तो उतार आधी माणसालाच मोजावा लागला, आणि आत हवा खेळावी व उतरून पाहणी करता यावी म्हणून कुंड्यांची तोंडेही ठेवावी लागली.

आजच्या काळातील एका निराळ्या भांडाराकडे हाच दृष्टांत घेऊन पाहता येईल. मोबाइलवरील अ‍ॅप लोकांपर्यंत जाते ते प्रामुख्याने दोन भांडारांतून. अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले. त्याच वर्षी सुरू झालेल्या अँड्रॉइड मार्केटला २०१२ पासून गूगल प्ले हे नाव मिळाले. समजा, बऱ्हाणपुरातील एखाद्या तरुणाने केळीबागायतदारांसाठी बाजारभाव सांगणारे अ‍ॅप तयार केले. त्यात सुधारणा करावयाची म्हणजे दर वेळी आवृत्तीचा क्रमांक वाढवावयाचा, बांधणी करावयाची, तीवर सही उमटवावयाची, चित्रे व वर्णन जोडावयाचे आणि मग ते भांडारात धाडावयाचे. महिन्यातून चार वेळा हे हाताने करणाऱ्याची एखादी पायरी चुकणे स्वाभाविक आहे. म्हणून ही कामे यंत्राकडे सोपविण्याची पद्धत रूढ झाली. फेलिक्स क्राउझे या ऑस्ट्रियन तरुणाने २०१४ साली रचलेले फास्टलेन हे याच कामाचे एक प्रसिद्ध साधन होय. कामाचा क्रम एकदा लिहून ठेवला की एका आज्ञेसरशी सर्व पायऱ्या त्याच क्रमाने पार पडतात.

परंतु उतार आधी मोजावा लागतो तो येथेही. गूगलकडे खाते उघडण्यास एकदाच २५ डॉलर पडतात. अ‍ॅपलकडे दर वर्षी ९९ डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गूगलकडे वैयक्तिक खाते काढणाऱ्यास आणखी एक अट आहे : किमान १२ जणांनी सलग १४ दिवस अ‍ॅपच्या बंदिस्त चाचणीत सहभागी असले पाहिजे, तेव्हाच ते सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागता येते. गूगल प्लेवर अ‍ॅपची पहिली नोंद आणि पहिली बांधणी हातानेच चढवावी लागते. यंत्राचा प्रवेश त्यानंतरचा. आयफोनच्या अ‍ॅपची बांधणी करावयाची तर अ‍ॅपलचाच संगणक, स्वतःचा वा भाड्याचा, लागतो. ही पूर्वतयारी न करता स्वयंचलनाच्या मागे लागणारा मनुष्य कोरड्या कुंडीत दोर सोडतो असेच म्हणावे लागेल.

सर्वांत नाजूक प्रश्न किल्लीचा आहे. अँड्रॉइडवरील प्रत्येक अ‍ॅपवर त्याच्या कर्त्याची गुप्त सही असते. जुन्या प्रतीवर नवी प्रत बसते ती सही जुळली तरच. ही किल्ली केवळ आपल्याच संगणकात ठेवून तो संगणक बिघडला, तर त्या अ‍ॅपची सुधारणा कायमची खुंटते. वापरणाऱ्या प्रत्येकास नवे अ‍ॅप घ्यावयास सांगण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मूळ किल्ली गूगलकडे सुरक्षित ठेवून स्वतःजवळ केवळ चढविण्याची किल्ली बाळगण्याची सोय आता आहे. ही दुसरी हरवली तर बदलून मिळते. यंत्रास द्यावयाची परवानगीही मोजकीच असावी. आणि कोणतीही किल्ली वा परवलीचा शब्द अ‍ॅपच्या मूळ लिखाणात ठेवू नये. घराची किल्ली उंबरठ्यावर ठेवून कुलूप लावण्यात काय अर्थ?

स्वयंचलनाचा दुसरा धोका असा, की यंत्र चूकही तितक्याच तत्परतेने पोहोचविते. भाव दाखविताना एक शून्य अधिक पडले, तर ते शून्य पाहून कोणी शेतकरी माल रोखून धरील, आणि नुकसान यंत्राचे नव्हे, त्याचे होईल. यासाठी वाटेत कुंड्या हव्यात. बांधणीपूर्वी चाचण्या व्हाव्यात; नापास झालेली प्रत पुढे सरकूच नये. मग ती मोजक्या परिचितांकडे जावी, आणि त्यानंतरच टप्प्याटप्प्याने लोकांकडे. अ‍ॅपलच्या टप्पेवार पद्धतीत सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० व अखेर १०० टक्के लोकांना स्वयंचलित रीतीने नवी प्रत मिळते. वाटेत दोष दिसला तर वाटप थांबविता येते. गूगलकडेही अशी सोय आहे. मात्र थांबवावयाचे की नाही, हे कोणीतरी पाहून ठरवावे लागते.

यंत्रमागांच्या या गावाला हे नव्याने सांगावयास नको. माग विजेवर चालतो, तरी तुटलेला धागा पाहणारा कारागीर जवळ लागतोच. कंटाळवाणे श्रम यंत्राने उचलावेत, हे योग्यच; पण किल्ली कोणाच्या हाती आहे आणि चूक झाल्यास प्रवाह कोण अडविणार, या दोन प्रश्नांची उत्तरे पहिली आज्ञा देण्यापूर्वी कागदावर असावीत. ज्या प्रकल्पात ती आहेत, त्याचेच स्वयंचलन भरवशाचे.