तबकडींतलें जाझ आणि तिचे राखणदार

इ. स. १९२३ च्या एप्रिल महिन्यांत, ५ व ६ या तारखांना, अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत रिचमंड या गांवीं शिकागोहून सात वादकांचा एक ताफा आला. त्या गांवीं पियानो तयार करणारा एक कारखाना होता आणि त्याच्याच आवारांत ‘जेनेट’ या छापाच्या ग्रामोफोन-तबकड्या भरण्याची खोली होती. शेजारूनच आगगाडीचा रूळ जात असे. गाडी आली कीं वाजविणें थांबवावें लागे. विजेचा ध्वनिग्राहक तेव्हां वापरांत आला नव्हता. एका भल्यामोठ्या कर्ण्यापुढें सर्वांनीं उभें राहावयाचें आणि कर्ण्यांत जें शिरेल तें सुईनें मेणाच्या जाड वडीवर कोरावयाचें, अशी व्यवस्था होती. ढोलाच्या धक्क्यानें सुई उडेल या भीतीनें ढोलवाल्या बेबी डॉड्सला लांकडी ठोकळ्यांवर समाधान मानावें लागलें. दुसरा कॉर्नेट वाजविणारा लुई आर्मस्ट्राँग हा त्या वेळीं अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याची फुंक इतकी जबर, कीं तो आपल्या गुरूलाच झांकून टाकील म्हणून त्याला पार मागें नेऊन उभें केलें, असें ताफ्यांत पियानो वाजविणाऱ्या लिल हार्डिनबाईंनीं पुढें सांगितलें आहे. हा गुरु म्हणजे ताफ्याचा नायक जो ऑलिव्हर. लोक त्याला ‘किंग’ ऑलिव्हर म्हणत.

एप्रिल ते डिसेंबर या अवधींत या ताफ्यानें चार निरनिराळ्या कंपन्यांसाठीं तबकड्या भरल्या. त्यांपैकीं आज ज्या बाजू ऐकावयास मिळतात त्यांची संख्या ३७ आहे. एक बाजू सुमारें तीन मिनिटांची; म्हणजे सारा ऐवज दोन तासांचाहि नव्हे. तरीहि जाझचा अभ्यास करणारा मनुष्य जगांत कोठेंहि असो, त्याला या ३७ बाजूंपाशीं यावेंच लागतें.

याचें कारण या संगीताच्या जातींत आहे. न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीय वस्तींत वाढलेलें हें वादन कागदावर पुरतें उतरत नाहीं. बीथोव्हेनची रचना लिहिलेली असते. वादक मेले तरी ती राहते. जाझमध्यें चालीचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो. त्यावर कोणता स्वर किती दाबावा, कोठें रेंगाळावें, कोठें एकदम उडी घ्यावी, हें वाजवितां वाजवितां सुचतें. हिंदुस्थानी गवयाची जागा ज्याप्रमाणें नोटेशनांत सांपडत नाहीं, त्याप्रमाणेंच ही गोष्ट आहे. शिकागोच्या लिंकन गार्डन्स नांवाच्या नृत्यगृहांत ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग हे गुरुशिष्य दोन कॉर्नेटांवर मध्येंच एक जोडतान घेत. ऐकणाऱ्याला वाटे, यांनीं ही पाठ केली आहे. वस्तुतः गुरु आधींच्या मात्रांत हळूच एक इशारा देई आणि शिष्य तो पकडी. अशा संगीताची पोथी एकच, ती म्हणजे तबकडी. ती फुटली कीं ग्रंथ बुडाला.

ज्यांच्या हातीं ही पोथी होती त्यांना मात्र तिची फारशी किंमत नव्हती. जेनेटचे मालक मूळचे पियानोवाले. ऑलिव्हरच्या कांहीं बाजू ज्या पॅरामाउंट छापावर निघाल्या, त्याची धनी तर विस्कॉन्सिनमधील खुर्च्या बनविणारी एक कंपनी होती! लांकडी सामानाबरोबर ग्रामोफोनच्या पेट्या खपाव्यात आणि पेट्या खपण्यासाठीं तबकड्या असाव्यात, एवढाच हिशेब. पुढें रेडिओ आला आणि त्यापाठोपाठ मंदी आली. अमेरिकेंत १९२७ सालीं १० कोटींच्या घरांत गेलेला तबकड्यांचा वार्षिक खप १९३२ पर्यंत सुमारें ६० लाखांवर घसरला. छोट्या कंपन्या बंद पडल्या. तबकड्या दाबावयाचे धातूचे मूळ सांचे कित्येक ठिकाणीं मोडींत निघाले. तांब्याचा भाव होता. संगीताचा राहिला नव्हता.

अशा वेळीं पुढें आले ते छांदिष्ट लोक. त्यांत पुष्कळसे कॉलेजांत शिकणारे तरुण होते. रविवारीं सुटीच्या दिवशीं कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तींत जाऊन दारोदार ‘जुन्या तबकड्या आहेत काय?’ असें विचारीत फिरणें, जुन्या बाजारांतील धुळीनें भरलेले गठ्ठे उपसणें, हा त्यांचा उद्योग. घरच्यांना हें वेडच वाटलें असणार. कांहीं सेंटांना मिळालेली तबकडी छातीशीं धरून घरीं न्यावयाची आणि मग खरें काम सुरू व्हावयाचें: वाजविणारे कोण? लेबलावर बहुधा फक्त नायकाचें नांव असे, आणि तेंहि कधीं कधीं खोटें.

येथें या छंदांतील एक बारकावा सांगितला पाहिजे. तबकडीच्या मधल्या भागांत, लेबलाजवळ, गुळगुळीत लाखेवर एक बारीक आंकडा कोरलेला असतो. हा सांच्याचा क्रमांक. एकच चीज एकाच दिवशीं दोनतीनदां भरली जाई आणि त्यांतील कोणता प्रयत्न दाबला गेला, हेंहि पुष्कळदां त्या खुणेवरून समजतें. पॅरिसच्या शार्ल देलोने यानें १९३६ सालीं अशा नोंदींची एक मोठी यादी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तींत दिवस, गांव, वादक आणि सांच्यांचे क्रमांक नोंदले होते. जाझची जन्मभूमि अमेरिका. परंतु तिच्या खानेसुमारीचा असा ग्रंथ निघाला फ्रान्समध्यें. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो असा.

बाहेरच्या मनुष्याला या आंकड्यांचें हसूं येतें. परंतु जेथें प्रत्येक वेळीं नवें सुचतें, तेथें दुसरा प्रयत्न ही पहिल्याची नक्कल नसून वेगळा पाठ असतो. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यानें २८ ऑक्टोबर १९४७ रोजीं न्यूयॉर्कमध्यें ‘एम्ब्रेसेबल यू’ ही चीज दोनदां भरली. दोन्ही प्रसिद्ध आहेत. दोहोंची सुरुवातच इतकी भिन्न आहे, कीं एकीवरून दुसरीची कल्पनाहि येऊं नये. उलट ऑलिव्हरनें ‘डिपरमाउथ ब्लूज’ एप्रिलांत जेनेटसाठीं आणि जूनमध्यें ओके कंपनीसाठीं भरली, त्यांत त्याची स्वतःची एकल तान जवळजवळ तीच आहे. म्हणजे सर्वच कांहीं तात्काळ सुचलेलें नसे. एखादी घडवून पक्की केलेली जागाहि असे. दोन्ही तबकड्या शेजारीं ठेविल्यावांचून हें कोणाला कळलें असतें?

संग्राहकांच्या या खटपटींतून पुनर्मुद्रणाची चाल पडली. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील आपल्या दुकानांतून मिल्ट गेब्लर यानें १९३५ च्या सुमारास कंपन्यांचे बंद पडलेले सांचे पुन्हां दाबवून घेण्यास आरंभ केला आणि लेबलावर सर्व वादकांचीं नांवें छापलीं. ज्यांना कोणी विचारीत नव्हतें त्या ढोलवाल्याचें व बँजोवाल्याचें नांव छापून येणें, ही गोष्ट लहान नव्हे. १९४० मध्यें जॉर्ज अव्हाकियन या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला कोलंबिया कंपनीनें जुना सांठा चाळावयास दिला, तेव्हां त्याला आर्मस्ट्राँगच्या कधींच प्रसिद्ध न झालेल्या बाजू तेथें सांपडल्या. स्वतःच्या कोठारांत काय आहे हें कंपनीला ठाऊक नव्हतें. तें एका छांदिष्ट पोरानें सांगितलें.

याच सुमारास महायुद्धाचें संकट आलें, आणि त्याचा एक धागा या देशाशीं जुळतो. जुनी तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांची ती लाख बहुतांशीं हिंदुस्थानांतून, विशेषतः छोटा नागपूरच्या बाजूनें जाई. युद्धांत समुद्रमार्ग धोक्याचे झाले, लाख युद्धसामग्रीसाठीं हवी झाली, आणि १९४२ च्या एप्रिलांत अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं मिळणाऱ्या लाखेंत निम्म्याहूनहि अधिक कपात केली. मग जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, नव्या करण्याची मोहीम निघाली. देशभक्त कुटुंबांनीं माळ्यावरील गठ्ठे आनंदानें दिले. त्या जात्यांत काय काय दळलें गेलें असेल याचा हिशेब कोणाजवळहि नाहीं.

१९४८ मध्यें दीर्घ वाजणारी तबकडी आली आणि पुनर्मुद्रणांचा सुकाळ झाला. परंतु सुकाळाबरोबर भेसळहि आली. एका कर्ण्यांत शिरलेला आवाज १९६० नंतरच्या दशकांत कृत्रिम रीतीनें दोन बाजूंना पसरून ‘स्टिरिओ’ म्हणून विकण्यांत येई, त्यावर घुमारा चढविण्यांत येई. याविरुद्ध मोठी चळवळ केली ती जाणत्या संग्राहकांनींच. इंग्लंडमधील जॉन आर. टी. डेव्हिस या वादक-संग्राहकानें शुद्ध पाठ सिद्ध करण्यांत आयुष्य वेंचलें. हें काम समजण्यासारखें आहे. पोलादी सुईनें घळ एका विशिष्ट उंचीवर झिजते. म्हणून थोडी रुंद वा अरुंद सुई वापरली तर ती न झिजलेल्या भिंतीवरून चालते आणि आवाज उजळ येतो. एका प्रतीला तडा असेल तर तेवढा तुकडा दुसरींतून घ्यावयाचा. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची’ म्हणविणारी तबकडी प्रत्यक्षांत त्याच वेगानें भरलेली असेलच असें नाहीं, म्हणून पट्टी ताडून वेग ठरवावयाचा. एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें अनेक प्रती जुळवून ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला, हें ज्याला माहीत आहे त्याला या कामाचें मोल वेगळें सांगावयास नको.

वेगाची चूक किती काळ टिकते पाहा. माइल्स डेव्हिस याची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ ही जाझमधील सर्वांत अधिक खपलेल्या तबकड्यांपैकीं एक. तिच्या पहिल्या बाजूवरील तीनहि चिजा भरतांना यंत्र किंचित् मंद चाललें होतें. त्यामुळें त्या वाजतांना मूळपेक्षां जलद व चढ्या पट्टींत वाजत. दुसऱ्या यंत्रावरील फीत घेऊन ही चूक दुरुस्त झाली १९९२ मध्यें. मधल्या तेहतीस वर्षांत किती विद्यार्थ्यांनीं आपलीं वाद्यें त्या चुकीच्या पट्टीशीं जुळविण्याची धडपड केली असेल!

ऑलिव्हरच्या तबकड्यांत जेनेट क्रमांक ५२७५ ही संग्राहकांची काशी आहे. एका बाजूस ‘झुलूज बॉल’, दुसरीस ‘वर्किंगमॅन ब्लूज’. हिची माहीत असलेली प्रत जगांत एकच. जेवढीं पुनर्मुद्रणें झालीं तीं सारीं त्या एका खरखरत्या प्रतीपासून. कोणा गृहस्थानें ती एके दिवशीं केरांत टाकली असती, तर ३७ च्या जागीं ३५ राहिल्या असत्या आणि दोन गेल्या याचें कोणाला दुःखहि झालें नसतें.

मात्र छांदिष्टांची स्तुति करतांना त्यांचा एकांगीपणा झांकूं नये. डीन बेनेडेटी हा पार्करचा असा भक्त, कीं १९४७-४८ मध्यें तो यंत्र घेऊन त्याच्या मागोमाग नृत्यगृहांतून हिंडला. परंतु पार्करचें वादन संपून इतरांचें सुरू झालें कीं हा यंत्र बंद करी. ह्या ध्वनिमुद्रणांची कित्येक वर्षें केवळ दंतकथाच होती. अखेर १९९० मध्यें मोझेइक या पुनर्मुद्रणालाच वाहिलेल्या कंपनीनें तीं सात तबकड्यांच्या संचांत प्रसिद्ध केलीं. पार्कर वांचला, शेजारचे सोबती त्या रात्रींपुरते मुके झाले. जें भक्ताला आवडलें तेंच राहिलें.

मुंबईकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. १९३५ सालीं ताजमहाल हॉटेलांत लिऑन ॲबे याचा कृष्णवर्णीय अमेरिकन ताफा आला. पुढें गोव्यांतील हळदोणें गांवचा आंतोनियो शाव्हिएर वाझ हा ‘चिक चॉकोलेट’ या नांवानें आर्मस्ट्राँगच्या वळणावर ट्रम्पेट वाजवूं लागला. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटांतील त्याचें वादन घरोघर पोहोंचलें. परंतु त्याच्या स्वतःच्या ताफ्याच्या नृत्यसंगीताच्या तबकड्या जुन्या बाजारांत शोधाव्या लागतात.

आतां ऑलिव्हरचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. हिरड्यांच्या रोगानें त्याचे दांत गेले आणि कॉर्नेट ओठीं लावणें कठीण झालें. मोडक्या बसगाड्यांतून दक्षिणेंत ताफा घेऊन फिरतां फिरतां तो जॉर्जिया संस्थानांतील सव्हाना येथें अडकला. तेथें त्यानें भाजी विकली, बिलियर्डच्या एका अड्ड्यांत झाडलोट केली. १९३७ सालीं आर्मस्ट्राँगला तो तेथें दिसला, हें आर्मस्ट्राँगनेंच सांगितलें आहे. एप्रिल १९३८ मध्यें तो वारला. बहिणीनें घरभाड्याचे पैसे खर्चून त्याचें प्रेत न्यूयॉर्कला आणलें व वुडलॉन येथें पुरलें; वर दगड बसविण्यास पैसे उरले नाहींत. हीं तींच वर्षें, ज्या वर्षांत त्याच्या तबकड्यांसाठीं तरुण संग्राहक घरोघर हिंडत होते. जो हात झाडू धरीत होता, त्याच हाताची पंधरा वर्षांपूर्वींची कामगिरी ते कापडांत गुंडाळून जपत होते. त्या काळीं कृष्णवर्णीय वादकांना बहुधा बाजूमागें ठराविक रक्कम मिळे. खपावर हिस्सा नसे. बहिणीला लिहिलेलीं त्याचीं पत्रें १९३९ मध्यें ‘जाझमेन’ या संग्राहकांनींच सिद्ध केलेल्या पुस्तकांत छापलीं गेलीं. पत्रेंहि त्यांनीं वांचविलीं. फक्त वेळेवर सव्हानाला कोणी गेलें नाहीं.

१ जानेवारी २०२४ पासून अमेरिकन कायद्याप्रमाणें १९२३ मध्यें प्रसिद्ध झालेलीं ध्वनिमुद्रणें सर्वांचीं झालीं आहेत. त्या वर्षीं बाजारांत आलेल्या ऑलिव्हरच्या तबकड्या आतां कोणीहि पुन्हां काढाव्या, कोणीहि ऐकाव्या. कोल्हापुरांतला एखादा मुलगाहि त्या फुकट ऐकूं शकतो. त्याला प्रथम ऐकूं येईल ती मात्र सुईची खरखर, आणि ती कोणा एका घरांत वांचलेल्या प्रतीची असेल.