वर्धा घाणी आणि जमिनीखालचे तेल


भूकंपलहरींनी जमिनीखालच्या तेलसाठ्यांना जाग आणण्याच्या शास्त्रावर वर्ध्यात ही परिषद भरते आहे. स्वागताध्यक्षाचे या शास्त्राशी नाते एवढेच, की त्याच्या घराण्याने तीन पिढ्या तेल विकले. तेही सरकीचे.

तरी तेल काढण्यात वर्धेकर नवखे नाहीत. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याने बिऱ्हाड थाटले. तिथे लाकडी घाणी सुधारली गेली आणि ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मगन संग्रहालय 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडले. ते पाहिल्याशिवाय पाहुण्यांनी गाडीत बसू नये. त्यासाठी दुपारचे सत्र अर्ध्या तासाने कापले आहे, वक्त्यांनी क्षमा करावी.

संघाचा गाडा हाकला जे. सी. कुमारप्पांनी. तंजावरचा माणूस, लंडनला हिशेबतपासणी शिकलेला, पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. आज वर्ध्यात त्यांचे नाव विचारा, ऑटोवाला भलत्याच दारात सोडेल! त्यांनी अर्थव्यवस्थेचे दोन भाग केले: कोळसा, पेट्रोलियम ही संपणारी, साठ्याची; ऊन, वारा, वाहते पाणी ही ओघाची. साठ्यापायी राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसतात, हे त्यांनी बजावले होते. साठ्यालाच ओघ आणणाऱ्यांना ते काय म्हणाले असते? चहाच्या वेळी स्वागताध्यक्ष हाच प्रश्न घेऊन फिरणार आहे.

बाकी परिषदेचा विषय स्वागत समितीने ऐकून घेतला तो असा. 21 जुलै 1952 च्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातील कर्न परगण्यात काही विहिरींचे तेल वाढले. खडकाच्या बारीक छिद्रात अडकलेला थेंब लहरीच्या हिसक्याने सुटतो, असा त्याचा एक उलगडा. पुढे रशियात, अमेरिकेत कंपनयंत्रांनी तेच करून पाहिले. कुठे तेल वाढले, कुठे विहीर ढिम्म. आपल्याकडे मात्र भूकंप म्हटला की 1967 चे कोयना आणि 1993 चे किल्लारी. निमंत्रणपत्रिका वाचून एका देणगीदाराने आधी मंडपाच्या खांबांची चौकशी केली, मग चेक दिला.

समितीतल्या एका शेतकऱ्याची शंका साधी आहे: काळ्या पाषाणातली आटलेली बोअर अशी हलवता येईल का? जिल्ह्याचे पाणी दख्खनच्या बेसाल्टाच्या भेगांत आणि मुरमात राहते. दूरच्या भूकंपाने भेगांतला गाळ सुटून विहिरींची पातळी बदलते, असे काही संशोधक मानतात. म्हणजे शंका अगदीच खुळी नाही.

उणिवांचे काय सांगावे! पंखे कमी, गाद्या पातळ, आणि उतरण्याच्या जागेची बोअर परवाच आटली. मंडप कापड बाजाराने दिला, तूरडाळ आर्वीच्या व्यापाऱ्यांनी, गोरसपाकाचे डबे एका माउलीने नाव न सांगण्याच्या अटीवर. हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यांनी सतरंज्या दिल्या. त्यांवर कापूस चिकटलेला असेल, झटकून बसावे.  टँकर साडेचारला फाटकाशी येईल. बादल्या खोलीत आहेत, तांबे मात्र दोघांत एक.