हवा कोणत्या महिन्यात मोजली?

पापडीत राहणाऱ्याला वारा शिकवावा लागत नाही. दुपारी तो समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून परततो. थंडीत पहाटे जाळलेल्या पाचोळ्याचा धूर वर न जाता वाडीवरच पसरून राहतो. नव्या कारखान्याचा पर्यावरण अहवाल याच जाणिवेने वाचावा.

अहवालात आधी आजची हवा मोजतात. मग चिमणीची उंची, धुराचे प्रमाण व वारा यांवरून किती भर पडेल याचे गणित मांडतात. दोहोंची बेरीज मर्यादेत हवी. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी २००९ च्या मानकांत ती चोवीस तासांना घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. मात्र पावसाळा सोडून एकाच ऋतूची मोजणी चालते. ती उन्हाळ्यात झाली, तर थंडीतली पहाट कागदावर येतच नाही.

उशीर किती महाग पडतो, ते आपल्या जिल्ह्यातल्या डहाणूने पाहिले. तिथले ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. चिकूच्या वाड्यांच्या परिसराची काळजी असलेले लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवा, असे त्याने १९९९ मध्ये सांगितले. ती बसली २००७ मध्ये. धूर आधी, उपाय बारा वर्षांनी.

म्हणून जनसुनावणीची किमान तीस दिवसांची सूचना निघाली, की मराठी सारांश मागा. हवा कुठे मोजली, कोणत्या महिन्यात, आधीच्या कारखान्यांचा धूर धरला का, हे लेखी विचारा. चिमणी उभी राहण्याआधीच.